पेन्सिलच्या फुलीवर सही

वरची वाडी, ता. मुळशी
२४ जून २०२४

चि. रेश्मास,
मावशीचा आशीर्वाद.

कान गेल्यापासून फोनचा आणि माझा काडीमोड झालाय. समोरचा बोलतो, मी "हां हां" म्हणते, आणि मागून कळतं की कुणाच्या तरी मयताच्या बातमीला मी "बरं झालं बाई" म्हणाले. म्हणून पत्र. आज वेळ नसला तर रविवारी वाच, पण वाच.

गोष्ट वैष्णवीची आहे, आपल्या किशोरच्या पोरीची. तिची आई गेली तेव्हा ही दुसरीत होती. किशोर महाळुंग्याला इमारतींच्या कामावर, तिथल्या पत्र्याच्या खोलीत पोरीला कुठं ठेवणार? माझ्याकडंच वाढली. शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून माझंच नाव, माझीच सही. आता आठवी झाली. पास केलंय म्हणतात, पण ढकललंय. वीस वर्षं त्याच शाळेत खिचडी शिजवलीय मी. कुठलं पोर चढलं आणि कुठलं ढकललं, हे मला वाढता वाढता कळायचं.

हिचं मला काही उमगत नाही बघ. धड्यातलं काहीही विचार, तोंडी सांगते. परवा पाहुण्यांना सांगत होती, धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली कसं सोडतात, त्यानं चाक कसं फिरतं, वीज कशी होते. पाहुणा चहा विसरला. आणि हेच पेपरात आलं की भोपळा. वही बघितली मी तिची. एक ओळ अर्धी, दुसरी गाळलेली, अक्षरांचे पाय वर आणि डोकी खाली. तळाला गुरुजींनी लाल शाईनं लिहिलंय, "निष्काळजी. घरी लक्ष द्यावे." अगं, घरी मी, ही आणि एक म्हैस. तिघी एकमेकींकडं लक्षच देत असतो.

मी विचारलं, "काय होतंय गं तुला वाचताना?" तर म्हणाली, "आजी, पुढचं अक्षर जुळवस्तवर मागचं पुसून जातंय." आता या बोलण्याचं मी काय करू?

शितावरून भाताची परीक्षा करतात हे मला कुणी सांगायला नको, जन्म त्यात गेला. पण शीत भातातलं काढावं लागतं. हे लोक चुलीतली राख चिमटीत धरतात आणि सांगतात, भात कच्चा आहे.

तू शिकलेली, हायस्कुलात बाई. मला खरं सांग, पोर ढ आहे का? नववीला पौडला घालू की घरी ठेवू? लोक म्हणतात, "म्हातारे, भाकरी येतात का ते बघ आधी." भाकरी तिला उत्तम येतात. तो प्रश्नच नाही.

तुझी,
तुळजा मावशी

*

भुकूम
६ जुलै २०२४

ती. मावशीस,
सा. न.

तुझं पत्र वर्गात वाचलं आणि डोळे पुसायला स्टाफरूममध्ये जावं लागलं. मावशी, वैष्णवी ढ नाही. अजिबात नाही. तू जे लिहिलंस ना, पुढचं जुळवेपर्यंत मागचं पुसलं जातं, त्याला नाव आहे. डिस्लेक्सिया. बुद्धी शाबूत असते, कधी कधी चारचौघांपेक्षा जास्त असते, पण डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ मेंदूत पटकन बसत नाही. ही निष्काळजी नाही, आळस तर नाहीच.

सरकारी दवाखान्यात तपासण्या होतात आणि प्रमाणपत्र मिळतं. ते मिळालं की परीक्षेत तिला जास्तीचा वेळ मिळेल, प्रश्न कुणीतरी वाचून दाखवेल, ती सांगेल ते लिहायला लेखनिक मिळेल, आणि शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापले जाणार नाहीत. दहावीच्या बोर्डालासुद्धा. ही मेहेरबानी नाही, नियम आहे. फक्त शाळेनं मागं लागून कागद करावे लागतात.

म्हणून म्हणते, तिला माझ्याकडं पाठव. आमच्या शाळेत नववीची वर्गशिक्षिका मीच आहे आणि पुढच्या वर्षी याच मुलांबरोबर दहावीला जाणार आहे. राहील माझ्या घरी. पाचवी ते दहावी मी तुझ्या घरी नाही का राहिले? तू डोक्यावर लाकडं आणि कडेला माझं दप्तर घेऊन ओढा ओलांडायचीस, ते मी विसरले नाही. अमोलशीही बोलले आहे. "आण की, पोरीचं काय ओझं," म्हणाले.

उंची मोजायची असेल तर मुलाला वजनकाट्यावर उभं करून काय उपयोग? वैष्णवीला जे येतं, त्याचीच परीक्षा होईल. हा माझा शब्द.

तुझी,
रेश्मा

*

वरची वाडी
१९ नोव्हेंबर २०२४

चि. रेश्मास आशीर्वाद.

काल आम्ही दवाखान्यातून परत आलो. चौथा हेलपाटा. आधी डोळे तपासले, मग कान. कानवाल्या डॉक्टरीणबाई वैष्णवीला म्हणाल्या, "तुझे कान एकदम छान आहेत," आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आजी, तुमचे कुणी तपासले का?" मला ते ऐकू आलं नाही. वैष्णवीनं बाहेर आल्यावर सांगितलं आणि हसून हसून जिन्यात बसली.

मग एका खोलीत तिला ठोकळे दिले, चित्रं दिली, गोष्टी सांगितल्या, वाचायला दिलं, लिहायला दिलं. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दाखवलं, "बुद्धी उत्तम. वाचन-लेखनाची अडचण. प्रमाणपत्र देतोय." ते वाचून मी त्यांच्या टेबलावरची घंटी चुकून वाजवली. शिपाई धावत आला.

एसटीत पोर माझ्या खांद्याला टेकून म्हणाली, "आजी, म्हंजे मी ढ न्हाई हे आता सरकारबी म्हणतंय?" मी म्हणलं, "सरकारला आत्ता कळलं, तुझ्या आजीला आधीपासून ठाऊक होतं." खोटं बोलले. मला पक्कं ठाऊक नव्हतं. तूच सांगितलंस.

प्रमाणपत्र तिच्याबरोबर पाठवतेय, शाळेत दे. झेरॉक्स काढायची राहिली, पौडला दिवे गेले होते. तुझ्याकडं आहे म्हणजे तिजोरीतच आहे.

नाचणीचं सत्त्व आणि करवंदाचं लोणचं पाठवलंय. अमोलरावांना लोणचं जपून दे, गेल्या खेपेला त्यांनी बरणीत चमचा ओला घातला होता.

तुळजा मावशी

*

भुकूम
२२ जानेवारी २०२५

ती. मावशीस सा. न.

पहिल्या चाचणीत विज्ञानात वैष्णवीला वीसपैकी तीन होते, आठवतं? त्याच धड्यांवर परवा मी तिची तोंडी चाचणी घेतली. तेच प्रश्न, फक्त मी वाचले आणि तिनं सांगितलं, मी तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. सतरा! दाब आणि क्षेत्रफळाच्या प्रश्नाला तिनं उदाहरण कुठलं दिलं माहीत आहे? "म्हशीचा खूर चिखलात रुततो, पण फळी टाकली तर रुतत न्हाई." पुस्तकात हे नाही. मी पूर्ण गुण दिले.

एका मुलाचे वडील आले होते भांडायला. "आमच्या पोराला वाचून दाखवत नाही, मग तिलाच का?" मी म्हणाले, "तुमचा मुलगा प्रश्न वाचू शकतो. तिला उत्तर येतं की नाही एवढंच मला तपासायचंय." गेले बडबडत.

मुख्याध्यापक सर मात्र जरा गप्प असतात हल्ली. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल पाच वर्षं शंभर टक्के आहे, त्याचा फलक रस्त्यावरून दिसेल असा लावलाय. त्याची काळजी त्यांना देवापेक्षा जास्त. काल विचारत होते, "नववीत तुम्ही वाचून दाखवाल हो, बोर्डाला काय?" मी म्हणाले, बोर्डाचा नियम आहे. "नियम आहे, पण निस्तरायचं कुणी?" म्हणाले. असो. तू काळजी करू नकोस.

ती आता वर्गात हात वर करते. पहिल्यांदा केला तेव्हा मीच दचकले.

रेश्मा

*

भुकूम
५ मे २०२५
(अमोलच्या हाती)

ती. मावशीस सा. न.

वैष्णवी नववी पास झाली, अठ्ठावन्न टक्के. किशोरदादाकडं महाळुंग्याला सुटीला गेलीय, तिनं फोन केला असता पण तुझे कान.

अमोलबरोबर एक कागद पाठवते आहे. पुढच्या वर्षीच्या फाइलसाठी लागतो. पालकाची सही हवी. पेन्सिलनं बारीक फुली केली आहे, तिथं सही कर आणि लगेच त्यांच्याच हाती परत दे. उद्या शेवटची तारीख आहे. तब्येतीला जप.

रेश्मा

*

वरची वाडी
६ मे २०२५

चि. रेश्मा,

अमोलरावांनी मोटारसायकल बंदसुद्धा केली नाही. पाणी घ्या म्हणलं, नको म्हणाले. ताक घ्या म्हणलं, नको म्हणाले. सीटवर कागद ठेवून सही केली. फुली सापडली हो. सही जरा तिरकी आली, कारण गाडी थरथरत होती. चालेल ना? नाहीतर परत पाठव, सरळ करून देते.

अठ्ठावन्न! मी म्हशीच्या पाठीवर थाप मारून सांगितलं. वाडीत प्रत्येकाला गूळ दिला. "भाकरी येतात का" म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला दोन खडे दिले.

तुझे उपकार कसे फेडू?

मावशी

*

महाळुंगे
२१ जून २०२५

आजी,

मी बोलतीया आणि शेजारची शीतल लिहितीया. ती अकरावीला हाय. तिला म्हणलं, मी बोलते तसंच लिही, सुधरू नको.

सोळा तारखेला शाळा उघडली. मी नवीन वही घेऊन गेले. हजेरीत माझं नावच आलं न्हाई. मला वाटलं सर इसरले, मी उभी राहिले. पोरं हसली. मग मुख्याध्यापक सरांनी हापिसात बोलावलं. म्हणले, तुझं नाव कमी केलंय, आता तू सतरा नंबरचा फॉर्म भरून भायेरनं परीक्षेला बसायचं. शाळेत यायचं न्हाई. मी म्हणलं, कुणी केलं कमी? त्यांनी कागद काढून दाखवला.

आजी, कागदावरचं मला लवकर वाचता येत न्हाई. पण खालची तुझी सही मला लांबनं वळखू येती. दुसरीपासनं परगतीपुस्तकावर बघितलीया. सर म्हणले, "बघ, तुझ्या आजीनंच नाव काढून घेतलंय."

आत्या तितंच हुती. काय बोलली न्हाई. खिडकीतनं भायेर बघत हुती.

मी तितनं चालत निघाले, मग एका टेम्पोनं पप्पांकडं आले. पप्पा म्हणत्यात, आजीनं केलं आसंल तर इचार करूनच केलं आसंल.

तुला म्हशीमागं माणूस पायजे हुतं तर तसं म्हणायचं. मी आले असते. सरकारनं कागद दिला, डॉक्टरांनी लिहून दिलं, तरीबी तुला मी ढच वाटते काय? मग त्या दिशी एसटीत तसं का बोललीस?

मला न्यायला येऊ नको.

वैष्णवी

*

वरची वाडी
२४ जून २०२५

शीतल बाळा, हे वैष्णवीला सावकाश वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस, माझी लाज झाकायला तर मुळीच नाही.

वैष्णवी, माझ्या पोरी,

सही माझीच आहे. तुझी ओळख चुकली नाही.

कागदावर काय होतं ते मला आत्ता, तुझ्या पत्रातून कळलं. मी तो वाचला नव्हता. चष्मा नाकावर होता, भर दुपार होती, आणि मला वाचता येतं. तरी वाचला नाही. रेश्माचा कागद होता म्हणून. अमोल उभा होता, फुली दिसली, केली सही. ज्या बाईनं चाळिशीनंतर अक्षरं जुळवली, ती आपल्या नातीच्या कागदावर न वाचता सही करते. मला काय म्हणायचं ते तू म्हण.

मी तुला काढलं नाही. पण माझ्या हातानं तू काढली गेलीस. दोन्ही खरं आहे, आणि दुसरं पहिल्याच्या मागं मी लपवणार नाही.

तू मला ढ वाटत नाहीस. एसटीत मी म्हणाले होते की मला आधीपासून ठाऊक होतं, ते खोटं होतं, तेव्हा मनात धाकधूक होती. आता नाही.

गुरुवारी भुकूमला शाळेत जाणार आहे. तो कागद मागून घेऊन वाचणार आहे. तू आलीस तर फाटकापाशी दहाला भेट. नाही आलीस तरी मी जाईन.

आजी

*

वरची वाडी
२९ जून २०२५

रेश्मा,

गुरुवारी मी तुझ्या शाळेत येऊन गेले. तुला निरोप पाठवला होता. शिपाई सांगत आला, "मॅडम तासावर आहेत." तासभर बसले. तास संपल्याची घंटा मला ऐकू आली नाही, पण पोरं बाहेर आलेली दिसली. तू आली नाहीस. म्हणून तिथं काय झालं ते तुला लिहून कळवते.

वैष्णवी फाटकापाशी उभी होती. माझ्याशी बोलली नाही. पण मागोमाग आत आली.

तुझे सर बसा म्हणाले, चहा मागवला, आणि हळू आवाजात काहीतरी गोड गोड बोलायला लागले. मी म्हणलं, "साहेब, मला ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला." जरा चढवला आवाज. "अजून." मग त्यांना ओरडावंच लागलं बघ. जे कानात सांगायचं होतं ते सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं. "आजी, आमचा निकाल शंभर टक्के असतो!" मी म्हणलं, "बरं!" ते म्हणाले, "एक पोरगी राहिली तर फलक उतरवावा लागेल!" मी म्हणलं, "म्हणजे फलकासाठी पोरगी उतरवली?" दारात चार शिक्षक येऊन उभे राहिले. एक बाई तोंडावर पदर धरून उभी होती.

"तिला प्रमाणपत्र आहे, बोर्ड सवलत देतं," मी म्हणलं. ते ओरडले, "देतं हो, पण लेखनिक शोधा, परवानगी आणा, वेगळी खोली द्या, एका मुलीसाठी कोण करणार एवढं?" आणि मग स्वतःचाच आवाज ऐकून दाराकडं बघायला लागले.

मी कागद मागितला. देईनात. मी उठेना. शेवटी दिला. मी उभं राहून मोठ्यानं वाचला, वैष्णवीला ऐकू जाईल असा. "मी, तुळजाबाई, पालक या नात्याने लिहून देते की, माझ्या पाल्याचे नाव स्वखुशीने शाळेतून कमी करून दाखला द्यावा. तिला १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसविण्यास माझी हरकत नाही." स्वखुशीने. त्या शब्दावर मी थांबले. अक्षर छापील नव्हतं. तो कागद हातानं लिहिलेला होता, रेश्मा. मुळाशी गोल काढलेला तो "श" मी कुठंही ओळखीन. माझ्याच ओट्यावर बसून तू तो गिरवलास.

केसानं गळा कापला, असं मी आजवर कुणाकुणाच्या भांडणात बोलून गेले असेन. त्याचा अर्थ मला सदुसष्टाव्या वर्षी कळला.

अक्षरं माझी मी शिकले, खिचडीच्या शेडमधून पहिलीच्या फळ्याकडं बघत. पण सही करायला तू शिकवलीस. दहावीत होतीस. "मावशी, अंगठा पुरे झाला आता," म्हणालीस, माझा हात तुझ्या हातात धरलास, आणि जुन्या वहीची सगळी पानं माझ्या नावानं भरवलीस. त्या सहीचं तू हे केलंस.

पण माझं सोड. पोरगी त्या खोलीत उभी होती आणि सर म्हणाले की आजीनं काढलं. तू तिथं होतीस. एक वाक्य बोलायचं होतं, "आजीला ठाऊक नव्हतं." पाच शब्दसुद्धा नाहीत. तिची शाळा गेली ती गेलीच, तिची आजीही तू त्या दिवशी काढून घेतलीस.

प्रमाणपत्र मागितलं तर सर म्हणतात फाइल सापडत नाही. ते मला पाहिजे. पौडच्या शिक्षण कार्यालयात मी अर्ज देणार आहे, जे घडलं ते सगळं लिहून.

तुळजाबाई

*

भुकूम
९ जुलै २०२५

ती. मावशीस,

सोबत वैष्णवीचं प्रमाणपत्र आहे, मूळ प्रत. फाइलमध्ये नव्हतं, माझ्या कपाटात होतं. सरांच्या हाती लागू नये म्हणून मीच ठेवलं होतं. एवढं तरी खरं मान.

तू वाचताना रागावशील, तरी लिहिते. मी इथं नऊ वर्षं आहे. अजून माझ्या नेमणुकीला मान्यता नाही. दर जूनला वाटतं यंदा होईल. एप्रिलमध्ये सरांनी मला बसवून सांगितलं, "तुमच्या वर्गात ही मुलगी राहिली आणि निकाल घसरला, तर तुमचा प्रस्ताव मी पाठवणार नाही. तिचा कागद तुम्हीच आणा, तुमचंच माणूस आहे." मी चार दिवस जेवले नाही. अमोल म्हणाले, सतरा नंबरनं काय बिघडतं, दहावी ती दहावीच. मलाही तसं वाटू लागलं. वाटवून घेतलं. मी तिला घरी बसून शिकवणारच होते, बाहेरून बसली तरी लेखनिकासाठी मीच धावणार होते, शप्पथ.

तुला आधी सांगितलं असतं तर तू सही केली नसतीस. म्हणून नाही सांगितलं. माझा नाइलाज होता.

त्या दिवशी ऑफिसमध्ये मला बोलायचं होतं. खरंच. तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं, म्हणून खिडकीकडं बघत राहिले. तिथं काही नव्हतं, नुसती सायकलींची रांग.

मावशी, एकच मागते. पौडच्या अर्जात सरांचं नाव घाल, शाळेचं घाल. माझं घालू नकोस. प्रस्ताव याच महिन्यात जायचा आहे. तू मला वाढवलंस, तूच मला उभं केलंस. आता तूच पाडू नकोस. मी वैष्णवीची माफी मागेन, तू सांगशील तेव्हा, तू सांगशील तिथं.

रेश्मा

*

वरची वाडी
३ ऑगस्ट २०२५

रेश्मा,

प्रमाणपत्र पोचलं. या खेपेला पौडला उतरल्या उतरल्या पाच झेरॉक्स काढल्या.

वैष्णवीला तिथल्या हायस्कुलात दहावीला घेतलंय. तिथल्या मोठ्या बाईंनी दाखला बघितला, प्रमाणपत्र बघितलं, आणि दोन्ही बाजूला ठेवून तिलाच विचारलं, "तू सांग, तुला काय येतं?" पोर मग पाण्याबद्दल बोलायला लागली, थांबेचना. बाई म्हणाल्या, "बोर्डाचा अर्ज आपल्या शाळेतून जाईल. लेखनिकाचं मी बघते. आमचा निकाल काही शंभर टक्के नसतो, बरं का आजी." मी म्हणलं, "बरंय की. शंभर टक्क्यांचं मी बघून आलेय."

सकाळच्या एसटीनं जाते, संध्याकाळी येते. मागच्या आठवड्यात गणिताची पहिली चाचणी झाली. बाईंनी प्रश्न वाचून दाखवले, अर्धा तास जास्तीचा दिला. वीसात अकरा. आधी भीती होती तिला, मध्येच कुणीतरी येऊन उठवील म्हणून. दारात पाऊल वाजलं की लिहिणं थांबवत होती. हे बाईंनी मला लिहून कळवलं. तिनं नाही सांगितलं.

ती माझ्याकडं परत आली, एवढं झालं. पण पहिल्यासारखी नाही. घरात कुठलाही कागद आला की माझ्यासमोर येऊन बसते. "मोठ्यानं वाच, आजी." गॅसच्या टाकीची पावती असो नाहीतर दवाखान्याची चिठ्ठी. मी वाचते. ती ऐकते, पुरतं ऐकते, आणि मग म्हणते, "हं, कर सही." पंधरा वर्षांच्या पोरीपुढं मी असं रोज उभं राहते, आणि मला राहायलाच पाहिजे.

आता तुझ्या मागणीचं. अर्ज दिलाय. त्यात पहिलं नाव माझं आहे. "मी वाचता येत असून न वाचता सही केली," हे पहिलं वाक्य. त्यानंतर तुझं नाव, कागद कुणाच्या हातचा आहे तेवढंच, एक शब्द जास्त नाही. मग सरांचं. तू शाळेत वाचून दाखवायचीस, सतरा गुण दिलेस, एका बापाशी तिच्यासाठी भांडलीस, तेही लिहिलंय, कारण तेही घडलं. तुझं नाव काढलं असतं तर वैष्णवीच्या कानावर पुन्हा अर्धंच खरं गेलं असतं. तुला पाडायला मी लिहिलं नाही. पण तू पडशील हे मला कळत होतं, आणि तरी लिहिलं. रडत लिहिलं म्हणून काही ते कमी होत नाही, म्हणून ते सांगत बसत नाही.

माफी मागायला ये म्हणून मी तुला सांगणार नाही. ते तिचं तिनं ठरवायचं. मी विचारलं तिला. ती दप्तर भरायला लागली.

तुझं पत्र आलं तेव्हाही ती समोर बसली होती. तेही मोठ्यानं वाचायला लावलं. मी सगळं वाचलं, तुझे चार उपास, तुझा प्रस्ताव, सायकलींची रांग. ती मान खाली घालून ऐकत होती. "तुला आधी सांगितलं असतं तर तू सही केली नसतीस" इथं आले तेव्हा म्हणाली, "थांब आजी. ही ओळ परत वाच."

मी परत वाचली.

"बरं," म्हणाली. मग उठली, आणि विहिरीवर पाणी आणायला गेली.

तुळजाबाई